आजारी कोण: मासा की पाणी?





या व्याख्यानमालेत तुम्ही संतसाहित्य ऐकलंत, राज्यघटना ऐकलीत, गडकिल्ले ऐकलेत. यंदा संयोजकांचा फोन आला, विषय काय लिहू? मी म्हटलं, लिहा, नव्या फिशटँकमधले आजारी मासे. पलीकडे जरा शांतता. मग अगदी अदबीने, "मॅडम, विषय थोडा मोठा घेता आला तर बरं." मी म्हटलं, मोठाच आहे. तासाभराने श्रोत्यांनाच ठरवू द्या.

मोशी, चिखली, रावेत, वाकड, चाकण, आपल्या पिंपरी-चिंचवडकडची कुठलीही नवी वस्ती घ्या. नवा फ्लॅट, गृहप्रवेश, सोफा, टीव्ही, आणि मग टीव्हीशेजारी फिशटँक. कुणाला तो वास्तूसाठी हवा असतो, कुणाला मुलांचा हट्ट पुरवायचा असतो. शनिवारी संध्याकाळी दोन फुटी टाकी घरी येते. सोबत रंगीत खडी, प्लास्टिकचं झाड, बुडबुड्यांची मोटर, दाण्यांची डबी. रविवारी सकाळी नळाचं पाणी भरतात. दुपारी सहा गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल आणि 'हा काच साफ ठेवतो' म्हणून एक सकर, असे सगळे एकदम आत. सोमवारी घरदार खूश. गुरुवारी एक मासा पर मिटून कोपऱ्यात. शुक्रवारी दोन वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. शनिवारी पहिला जातो.

मग घरात तीन मतं पडतात. पहिलं, दुकानदाराने खराब मासे दिले. दुसरं, औषध आणा. तिसरं आजीचं, "घरावर काहीतरी येणार होतं, त्याने ते अंगावर घेतलं." आजीच्या मताबद्दल मला आदर आहे, मेलेल्या जिवाविषयीची कृतज्ञता त्यात आहे. पण त्यात एक धोकाही आहे. ते एकदा बोललं गेलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि पुढच्या रविवारी बालंट अंगावर घ्यायला नवे सहा मासे येतात. (हशा)

आता तुम्ही बहुतेक सगळे कारखान्यातली माणसं. लाइनवर मशीन बंद पडलं तर सुपरवायझर असं म्हणतो का, की कंपनीवरचं संकट मशीनने अंगावर घेतलं? तुम्ही व्हाय-व्हाय करायला बसता. ही पद्धत टोयोटाची. तिथल्या ताइइची ओनो यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात तिचं एक उदाहरण आहे. मशीन का थांबलं? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पुरेना. का पुरेना? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून मोकळं झालं असतं, तर काही महिन्यांत मशीन पुन्हा थांबलं असतं.

हाच 'का' आपल्या गोल्डफिशला लावू. मासा का मेला? श्वास घेता आला नाही. का? कल्ले भाजले होते. का? पाण्यात अमोनिया साठला होता. का साठला? तो खाऊन टाकणारे जिवाणू टाकीत नव्हते. का नव्हते? टाकी शनिवारी आली आणि मासे रविवारी सोडले. म्हणजे इथेही गाळणीपाशीच येऊन पोचलो! औषध आणणं म्हणजे फ्यूज बदलणं.

माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे: नव्या टाकीत आजारी पडतं ते पाणी, मासा ते फक्त सांगतो. हे चार मुद्द्यांत मांडते. आपलं पाणी कुठलं, त्या पाण्यात राबतं कोण, औषध कधी, आणि घराबाहेरची मोठी टाकी.

पहिला मुद्दा, पाणी. 'नळाचं पाणी' म्हणताना आपल्याला वाटतं, पाणी म्हणजे पाणी. पण कुठल्या नळाचं? पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणाचं पाणी येतं. ते नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहतं, तिथून उचलतात, निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात. शुद्ध करतात म्हणजे शेवटी क्लोरीन घालतात, आणि घातलाच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. त्यामुळे आपण कावीळ-कॉलऱ्यापासून वाचतो. पण आपण पाणी पितो. मासा त्यातून श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांची कातडी इतकी पातळ की प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात उतरतो. क्लोरीन त्या कातडीवरच घाव घालतो. उपाय अगदी सोपा. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारे अँटीक्लोरचे थेंब घाला. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा 'हायपो' तो हाच.

पण आपल्याकडे गोष्ट क्लोरीनवर संपत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी आहे. मधल्या दिवशी सोसायटी काय करते? बोअर चालू करते. बोअर आटलं की टँकर. सगळं एकाच हौदात पडतं आणि एकाच नळाने येतं. आपला खडक बेसाल्ट. त्यातून मुरून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, क्षार जास्त, पीएच चढा. धरणाचं पाणी तुलनेने मऊ. म्हणजे मंगळवारचं आणि बुधवारचं पाणी, नळ तोच असला तरी, दोन वेगळ्या गावचं. आपण बादली भरतो आणि टाकीत ओततो. आपल्याला काही कळत नाही. माशाला कळतं.

इथे एक हुशार माणूस नेहमी हात वर करतो. "मॅडम, मी आरओचं पाणी घालतो. एकदम शुद्ध." शुद्ध आहे, मान्य. पण त्या शुद्धतेत क्षारही निघून गेले. पीएच धरून ठेवणारं पाण्यात काही उरलं नाही, की तो केव्हाही घसरतो. माशाला शुद्धतेपेक्षा स्थिरता हवी असते. कालच्यासारखंच आज पाणी मिळालं तर बरंच काही तो सोसतो. म्हणून नियम असा: पाणी थोडं बदला, वरचेवर बदला, त्याच तापमानाचं घाला, आणि टँकरच्या दिवशी शक्यतो बदलूच नका.

दुसरा मुद्दा. पाण्यात राबतं कोण?

मासा खातो, आणि अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत कुठे जाणार? जरा हिशेब करू. हिशेबाला तुम्ही घाबरणारे नाही. दोन बाय एक बाय एक फुटांची टाकी म्हणजे जवळपास ५७ लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता ५० धरा. दाण्यांत सुमारे ३५ टक्के प्रथिनं असतात. असे १ ग्रॅम दाणे टाकले, तर पाण्यात जवळपास ३० मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन उतरतं. भागा ५० ने. लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम, एका दिवसात. आठवड्याअखेरी ४ च्या वर. आता पीएच बघा. पीएच ७ असेल तर यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल, म्हणजे बोअरचं पाणी असेल, तर पाच टक्के. चाराचे पाच टक्के म्हणजे ०.२. आणि कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ पुरतं! मासे शनिवारी का मेले, ते कळलं? कुणाची नजर लागली नाही. भागाकार लागला.

मग जुन्या टाक्यांत मासे वर्षानुवर्षं कसे जगतात? कारण तिथे कामगार आहेत. डोळ्यांना न दिसणारे. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. दुसरी टोळी, नायट्रोस्पायरा नावाची, नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी; पाणी बदललं की जातं, झाडं असली तर तीही थोडं खातात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर थर करून राहतात. त्यांना दोनच गोष्टी लागतात, प्राणवायू आणि वेळ.

वेळ! इथेच आपलं घोडं अडतं. अन्न नासवणारे जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. हे कामगार मात्र सावकाश. एकाचे दोन व्हायला दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. आणि नायट्राइट अमोनियाइतकंच घातक; ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. रक्त तपकिरी होतं, पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पुष्कळ लोक पहिल्या आठवड्यात वाचतात, तिसऱ्यात मासे गमावतात आणि म्हणतात, "आता तर सगळं ठीक चाललं होतं!" ठीक कुठे होतं? दुसरी टोळी अजून कामावर रुजू झाली नव्हती.

हे माणसाला किती उशिरा कळलं पाहा. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील. जगलेही. पण पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. त्याने कुजकं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पात्र सावरलं. घरच्या मत्स्यालयाची सुरुवात इथे धरतात. पण अमोनिया संपवणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे काढून दाखवायला १८९० उजाडलं. चाळीस वर्षं लोक मासे पाळत होते आणि ते कुणाच्या जिवावर जगतायत, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तिथल्या काचेला नाक लावलं असेल. आपण मासे बघितले. फिल्टर कुणी बघितला?

ही वाट थोडी जवळची करता येते का? येते. कुणा मित्राची वर्षभर नीट चाललेली टाकी असेल, तर त्याच्या फिल्टरचा जुना, मळकट स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. दह्याला विरजण लावतात तसंच हे. मात्र टाकी निरोगी हवी, नाहीतर विरजणाबरोबर रोगही घरी येतो.

आणि कृपा करून तो स्पंज नळाखाली धुऊ नका. हे मला दोनदा सांगायचंय, म्हणून सांगते: नळाखाली धुऊ नका. आपण स्वच्छतेची माणसं. दिवाळी आली की घासूनपुसून सगळं लख्ख. माळ्यावरचे डबे निघतात, पंखे पुसतात, आणि त्याच झपाट्यात फिशटँकही रिकामा होतो. खडी रगडून धुतात, फिल्टर नळाखाली पिळतात, नवं पाणी भरतात. टाकी आरशासारखी दिसते आणि भाऊबीजेपर्यंत मासे उलटे होतात. काय झालं? क्लोरीनच्या धारेखाली आपण सगळे कामगार एका सकाळीत घालवले. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळा. बस्स.

दुसरी अडचण गुरुवारची. आपल्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि महावितरणच्या दुरुस्तीचा वार. वीज गेली की मोटर बंद. या जिवाणूंना अमोनिया संपवायला भरपूर प्राणवायू लागतो. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे साडेचार मिलिग्रॅमहून जास्त. मोटर तासन् तास बंद राहिली की मासेही गुदमरतात आणि त्यांचे कामगारही. घरात पंख्यासाठी इन्व्हर्टर असतो ना? मोटरची वायर त्याच्यावर घ्या. चार-पाच वॉटचा तर मामला.

तिसरा मुद्दा, औषध. आणि हे मी पिंपरीच्या परिसरात उभं राहून बोलते आहे, हे विसरू नका. आपलं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झालं. सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलिन देशात बनावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने त्याला हात दिला होता. इथेच एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या गावाचं नाव जीवशास्त्रात कोरलं गेलंय! तेव्हा प्रतिजैविकाची किंमत या गावाला मी सांगायला नको.

पण म्हणूनच सांगते. मासा आजारी दिसला की लोक घरातली उरलेली कॅप्सूल फोडून टाकीत टाकतात. कुठली? असेल ती. किती? अख्खी. अहो, पेनिसिलिन कुठल्या जिवाणूवर चालतं आणि कुठल्यावर नाही, हे शिकण्यात या गावाची एक पिढी गेली. माशांना त्रास देणारे बरेचसे जिवाणू साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत. आणि जी औषधं अनेक जातींवर एकदम चालतात, त्यांचा फटका फिल्टरमधल्या कामगारांनाही बसू शकतो. दुकानातलं ते निळं औषध, मिथिलीन ब्लू, त्याचंही तेच. अमोनियाने अर्धमेला झालेला मासा, त्याच्यावर औषध, औषधाने आणखी अमोनिया. आणि उरलेलं औषधी पाणी? ते बेसिनमधून गटारात. जिवाणूंच्या ज्या औषध-प्रतिकाराची डॉक्टरांना आज धास्ती वाटते, त्याला आपण घरबसल्या हातभार लावतो.

मग औषध कधीच नको का? हवं. पण आधी चाचणी, मग औषध. निदानाचा क्रम सांगते, लिहून घ्या.

सगळे मासे एकाच दिवशी मलूल झाले, वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर दोष पाण्याचा. थेंबांचं टेस्ट किट आणून अमोनिया, नायट्राइट आणि पीएच बघा. आकडा कागदावर मांडा, तारखेसकट. मशीनची लॉगशीट ठेवता तशी.

एकच मासा आजारी, बाकीचे ठणठणीत, आणि पाण्याचे आकडे चोख, तर मग माशाकडे बघा. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके? तो एक परजीवी आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री थंडी उतरली, टाकीला हीटर नसला, की मासा अशक्त होतो आणि ठिपके हमखास दिसतात. हा परजीवी अंगावर असताना कातडीखाली दडलेला असतो. तिथे औषध पोचत नाही. अंगावरून गळून तळाशी विभागत जातो, तिथून पिल्लं सुटतात, आणि ती मोकळी पोहत असतानाच औषधाच्या हाती लागतात. म्हणून ठिपके गेले त्या दिवशी औषध थांबवायचं नसतं. आपण तेच करतो. स्वतःच्या तापातही तेच करतो. (हशा)

परांच्या कडा कुरतडल्यासारख्या? बहुतेकदा घाण पाण्यामागून आलेला संसर्ग. पाणी सुधारलं की अर्धं काम होतं. खवले उभे राहिले, पोट फुगलं? तो फार पुढे गेलेला मासा. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि फार आशा धरू नका. खोटा दिलासा देणं मला जमणार नाही.

आता आज रात्री घरी गेल्यावर नव्या टाकीत मासे तडफडताना दिसले तर काय करायचं? दाणे बंद, दोन दिवस पूर्ण बंद. मोठा मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. आपल्या मायेने मरतो. मोटर पूर्ण जोरात. मेलेला मासा लगेच काढा. एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन घालवलेल्या, तितक्याच कोमट किंवा गार पाण्याने. उद्या पुन्हा मोजा, पुन्हा बदला. आकडा शून्यावर येऊन टिकेपर्यंत रोज. नायट्राइट चढलेलं असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशी अडवतो. आणि सगळ्यात अवघड पथ्य: नवा मासा आणू नका. दोन फुटी टाकीत तीन-चार लहान मासे पुष्कळ झाले. गोल्डफिश तर त्यात नकोच. नीट सांभाळला तर तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो.

आता चौथा मुद्दा. घराबाहेरची टाकी.

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी शहराचं मैलापाणी एका पात्रात घेऊन त्यात हवा सोडली. त्यातला अमोनिया पूर्ण संपायला किती दिवस लागले असतील? पाच आठवडे. आपल्या फिशटँकइतकेच! मग त्यांनी एक युक्ती केली. खाली बसलेला गाळ फेकला नाही. वरचं पाणी काढून त्याच गाळावर नवं मैलापाणी ओतलं. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. कारण गाळात कामगार होते. तुमच्या सोसायटीच्या तळघरात जो एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प, गुरगुरत असतो, तो बहुतेक या शोधाच्याच वंशातला. नवा एसटीपी सुरू करताना दुसऱ्या एसटीपीतून टँकर भरून गाळ आणतात. म्हणजे मित्राचा स्पंज मागून आणला तेच.

आणि एसटीपीत चूकही तीच होते. बिलाला कात्री लावायला रात्री हवा सोडणारा ब्लोअर बंद करतात. कामगार गुदमरतात. दोनशे फ्लॅटच्या हिशेबाने बांधलेल्या यंत्रणेवर चारशे घरांचा भार पडतो. हौद ओसंडतो आणि पाणी नाल्यात जातं. नाला पवनेला, पवना मुळेला. चाकणकडचं पाणी इंद्रायणीत, भामेत. शेवटी सगळं भीमेत आणि उजनी धरणात. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर पांढरा फेस, आळंदीला फेसाळलेली इंद्रायणी, ही छायाचित्रं दर काही महिन्यांनी पेपरात येतात. आणि उन्हाळा संपता संपता, पहिल्या वळवानंतर, काठाला मेलेल्या माशांचा खच. आपण काय म्हणतो? कुणी म्हणतं कंपनीने सोडलं, कुणी म्हणतं महापालिकेने सोडलं. पाच वेळा 'का' मात्र कुणी विचारत नाही.

नवं शहर म्हणजे नवी टाकीच की. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ११ ऑक्टोबर १९८२ ला झाली. २००१ च्या जनगणनेत इथे दहा लाख लोक होते, २०११ ला सव्वासतरा लाख. मासे एकदम सोडले. फिल्टर वाढायला वेळ लागतो.

या नद्यांत पूर्वी काय होतं? कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या महसीर माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याच्यातच आहे, आणि तो मासा त्याला मिळाला मुळा-मुठेत, पुण्याजवळ. देहूच्या डोहातले मासे देवाचे मानून श्रद्धेने राखले गेले. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालली. वरच्या अंगाला मासा वाढवतात. खालच्या अंगाला तो सोडायला जागा कुठे आहे?

आणखी एक. टाकीचा कंटाळा आला, सकर फुटभर झाला, म्हणून लोक तो पुण्य समजून नदीत सोडतात. सकर दक्षिण अमेरिकेतला. देशातल्या कितीतरी तलावांत तो माजलाय आणि स्थानिक माशांची जागा खातोय. नको असलेला मासा दुकानात परत द्या. नदीत सोडू नका.

आता तुमच्यातल्या ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, चालवणाऱ्यांनी हसायचं नाही. कित्येक कारखान्यांत ईटीपीच्या शेवटी एक छोटी टाकी असते, तिच्यात मासे सोडलेले असतात. साहेब आले की दाखवायचं, बघा, आमच्या पाण्यात मासे जगतात. (हशा) पण कायदाही तेच म्हणतो. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये सांडपाण्यासाठी एक चाचणी आहे: न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर १०० पैकी ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत. किती विलक्षण आहे हे! प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांनंतर कायद्याने शेवटी साक्षीदार म्हणून माशालाच उभं केलं. घरातली टाकी काय आणि कारखान्याची मोरी काय, पाणी बरं आहे की नाही, हे मासाच सांगणार.

आता सगळं एकत्र करते.

एक. पाणी घालताना ते कुठल्या वाराचं आणि कुठल्या उगमाचं, हे बघा. क्लोरीन घालवा, थोडं बदला.

दोन. मासे आणण्याआधी कामगार तयार होऊ द्या. चार ते सहा आठवडे. फिल्टर नळाखाली धुऊ नका.

तीन. आधी मोजा, मग औषध. सगळे आजारी तर पाणी बदला, एक आजारी तर मासा वेगळा काढा.

चार. घरात अमोनिया मोजायला शिकलात, तर मग तिथेच थांबू नका.

या चौथ्यासाठी एक काम देऊन जाते. तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा होईल. पार्किंग, लिफ्ट, मेंटेनन्स, भांडणं, सगळं होईल. त्या विषयपत्रिकेत एक ओळ घाला: आपल्या एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे अमोनिया आणि बीओडीचे (म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू ओढतात, त्याचे) आकडे दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावेत. अध्यक्ष विचारतील, तुम्हाला त्यातलं काय कळतं? सांगा, घरी फिशटँक आहे. अमोनियाचा आकडा शून्याच्या जवळ असला तर टाळ्या वाजवा. वर असला, तर वर का, हे विचारा; ब्लोअर रात्री बंद का, हा दुसरा 'का' विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिसरा, चौथा आणि पाचवाही विचारा.